रसिक कोणास म्हणावे?

सज्जनहो, आपल्या मराठीत काही शब्द असे आहेत की ते रोज जिभेवर असतात, आणि म्हणूनच त्यांच्या अर्थाकडे कोणी थांबून पाहत नाही. 'रसिक' हा त्यांपैकीच एक. नाटकाचा पडदा वर जाण्यापूर्वी 'रसिक प्रेक्षकहो' अशी हाक येते. गाण्याच्या बैठकीला 'जाणकार रसिकांची' दाटी होते. शहरात कोणाला रसिक म्हटले की त्याची मान ताठ होते. खेड्यात मात्र 'मोठा रसिक माणूस आहे हो!' हे वाक्य पुष्कळदा डोळा मिचकावून बोलतात, आणि ऐकणाऱ्याला त्यातून काय घ्यायचे ते बरोबर समजते. शब्द एकच, पण एके ठिकाणी तो स्तुती आहे, दुसऱ्या ठिकाणी चिमटा आहे.

हा शब्द आता आपल्या कीर्तनाच्या मांडवातही आला आहे. सप्ताहाचे निमंत्रण घेऊन मंडळी येतात आणि सांगतात, "महाराज, आमच्या गावचे श्रोते फार रसिक आहेत." हे ऐकून मीही अनेक वेळा सुखावलो आहे. रसिक श्रोता मिळावा असे कोणत्या कीर्तनकाराला वाटत नाही? परंतु रसिक म्हणजे नेमका कोण, हे मला पोथीने सांगितले ते एका म्हाताऱ्या टाळकऱ्याकडून कळले. ती हकीकत पुढे येईलच. आधी शब्द पाहू.

'रस' या शब्दाचा संसार मोठा आहे. झाडातला जीव तो रस, फळातले सार तो रस, जिभेला कळते ती चव तोही रसच. वैद्य गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट असे सहा रस मोजतात. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले. पुढे शांत हा नववा मानला गेला. आणि उपनिषदांकडे गेलो तर तैत्तिरीय उपनिषद परब्रह्मालाच रस म्हणते. पाहा, उसाच्या कांड्यापासून परब्रह्मापर्यंत एकच शब्द जाऊन पोचला आहे. ज्यातून रस मिळतो ते 'रसाळ', ज्यातून तो गेला ते 'नीरस', आणि ज्याला तो घेता येतो तो 'रसिक'. म्हणजे रसिकपण हा घेणाऱ्याचा गुण आहे. अंगावर उंची शाल असली, बैठकीत पुढची जागा मिळाली, दहा रागांची नावे सांगता आली, एवढ्याने तो येत नाही. रस घेता आला पाहिजे.

येथे कोणी शंका काढील की, परमार्थात रस सोडायचा की घ्यायचा? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी याचा उलगडा केला आहे. आहार तोडला की विषय दूर होतात, पण त्यांची गोडी आत उरते. ती गोडी परतत्त्वाचे दर्शन झाल्यावरच जाते. तेथे गोडीसाठी भगवंतांनी 'रस' हाच शब्द योजला आहे. जिभेला दटावून खालची गोडी सुटत नाही, वरची गोडी लागली की ती आपोआप गळते. पुढे सतराव्या अध्यायात सात्त्विक अन्नाला 'रस्य' म्हटले आहे आणि तामस अन्नाला 'गतरस', म्हणजे ज्याचा रस निघून गेला ते. तेव्हा खेड्यात ज्याला डोळा मिचकावून रसिक म्हणतात, त्याचा दोष असा की तो गतरसावर लुब्ध झाला. रस घेणे हा काही अपराध नव्हे.

आता आपल्या माउलींकडे येऊ. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवाशास ज्ञानेश्वरी सांगून झाली. त्या ग्रंथात श्रोत्याला जेवढा मान आहे तेवढा क्वचितच कोठे असेल. पहिल्याच अध्यायात श्रोता कसा असावा यासाठी माउली तीन दृष्टांत देतात. शरद ऋतूच्या चांदण्यातले कोवळे अमृतकण चकोराची पिले हळुवार मनाने वेचतात. भुंगा कमळातला पराग नेतो, पण पाकळ्यांना त्याची चाहूलही लागत नाही. आणि चंद्र उगवताच कुमुदिनी आपली जागा न सोडता त्याला भेटते. या तिघांतही एक गोष्ट सारखी आहे. चकोर चांदण्याला खरवडत नाही, भुंगा पाकळी कुरतडत नाही, कुमुदिनी आपल्या जागेवरून उठून धावत नाही. रस घेताना ज्याच्यापासून घ्यायचा त्याला ओरखडासुद्धा उठू नये, इतके हलके मन असावे, असे माउलींना सुचवायचे आहे.

सहाव्या अध्यायात तर इंद्रियांचे मोठे गोड भांडण लावले आहे. शब्द हा खरे म्हणजे कानांचा विषय. पण बोल असे रसाळ होतील की जीभ म्हणेल हा रस माझा, नाक म्हणेल सुगंध माझा, डोळ्यांना वाटेल आपल्यापुढे रूपाचे भांडारच उघडले. अशा वेळी कोणते इंद्रिय पुढे आणि कोणते मागे हा हिशेबच राहत नाही. सगळा माणूसच कान होऊन बसतो. हे रसिकपण.

आणखी एक गोष्ट माउली पुन्हा पुन्हा आळवतात. लेकराचे बोल बोबडे असतात, पावले वाकडी पडतात, पण आईला त्याचेच कौतुक. बोबडे बोल म्हणजे व्याकरणाने पाहिले तर सगळ्या चुकाच. त्या चुका आईला ऐकू येत नाहीत काय? येतात. इतरांना येतात त्याहून जास्त येतात. पण तिला त्यांतून बाळ ऐकू येते. साऱ्या जगात आईइतका रसिक श्रोता नाही, म्हणूनच आपण श्रोत्यांना संत म्हणतो, आणि संतांना माउली म्हणतो.

हे निरूपण मी अनेकदा केले आहे. आता ती हकीकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहाला गेलो होतो. पाचव्या दिवशी माझे कीर्तन होते. टाळकऱ्यांच्या रांगेत उजव्या हाताला एक म्हातारे बाबा उभे होते. अंगात बंडी, गळ्यात तुळशीची माळ, डोक्याला जुने पागोटे. टाळ त्यांचा बरा पडे, पण चाल धरली की आवाज भलतीकडेच जाई. सगळे षड्जावर आले की बाबा अर्धा स्वर खाली, आणि तेही मोठ्याने. पहिल्या चालीला मी दुर्लक्ष केले. दुसऱ्या चालीला पुढे बसलेल्या दोघांतिघांनी एकमेकांकडे पाहिले, एक जण हसला. मला घाम फुटला. 'रसिक गाव' म्हणून मला आणलेले, आणि माझ्या कीर्तनाचा असा रसभंग! मी अभंग थांबवला, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि खुणेने त्यांना मागे जाऊन बसायला सांगितले. त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिले. मग टाळ कपाळाला लावला, तो रांगेतल्या एका पोराच्या हाती दिला, आणि मांडवाच्या बाहेर जेथे उजेड कमी होता तेथे जाऊन बसले.

त्यानंतर कीर्तन उत्तम रंगले. आणि सज्जनहो, सांगायला लाज वाटते, त्या रात्री मी निरूपण करीत होतो ते याच विषयावर. चकोराच्या पिलांचा दृष्टांत दिला. भुंग्याचा दिला. बोबड्या बोलांचा दिला तेव्हा बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मंडळी म्हणाली, "महाराज, रसिकता काय ती आज कळली."

रात्री अंग टाकले, पण झोप येईना. एक गोष्ट टोचत राहिली. पाकळीला कळू न देता पराग न्यावा, असे मी तोंडाने सांगत होतो, आणि त्याच मांडवात माझ्या हाताने एक पाकळी तोडून बाहेर टाकली होती.

पडल्या पडल्या चोखोबांची आठवण झाली. ऊस बाहेरून वेडावाकडा असला म्हणून आतल्या रसाला वाकडेपण येत नाही, हा त्यांचा दृष्टांत आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. त्याची गोडी कळायला एकदा गुऱ्हाळावर जाऊन उभे राहावे. ऊस चरकात जातो. एका बाजूला चिपाड पडते, दुसऱ्या बाजूला रस येतो. ते चिपाडही फुकट जात नाही. वाळले की चुलवाणात जळण म्हणून घालतात. रस काहिलीत उकळू लागला की मळी वर येते. ती नीट वर यावी म्हणून भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, आणि आलेली मळी काढून टाकतात. गुळव्या काहिलीवरची नजर हलवीत नाही. पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटाने चाचपून पाहतो. गोळी बांधली की काहील उतरवायला सांगतो. क्षणभर आधी उतरवली तर गूळ बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. याच्याइतका पारखी कोण? पण कोणता ऊस सरळ होता आणि कोणता वाकडा, हे त्या गुळव्याने कधी विचारले आहे काय? तो मळी टाकतो, रस टाकत नाही. आणि गुऱ्हाळाची आणखी एक रीत आहे. वाटेने जाणारा अनोळखी माणूस जरी तेथे आला तरी त्याला रस पाजल्यावाचून जाऊ देत नाहीत. रसाच्या घरी कोणी बाहेर उभा राहायचा नसतो.

आणि आपण काय केले? चोखोबांचे अभंग गायिले, त्यांतला रस प्यालो, आणि चोखोबांना मात्र महाद्वाराबाहेर ठेवले. शके १२६० मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून त्यांचा अंत झाला. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या. समाधी झाली तीही महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी. त्यांच्या जातीच्या माणसांना त्यानंतरही सहाशे वर्षे आत पाऊल टाकता आले नाही. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण मांडले, तेव्हा विठ्ठलमंदिराचे दार हरिजन बांधवांना उघडले. सहाशे वर्षे आपण त्यांचे अभंग गात होतो, आणि गाणाऱ्यांत मोठमोठे जाणकार होते. स्वर कोठे लागला, शब्द कोठे वळला, हे त्यांना कळत होते. रस आत आणि रसाचा धनी बाहेर, हे मात्र फार थोड्यांना खुपले. याला रसिकता म्हणावयाचे असेल तर अरसिक कोणाला म्हणायचे?

आता कोणी म्हणेल, महाराज, मग गाणे बेसूर चालेल काय? पाठ अशुद्ध चालेल काय? नाही, चालणार नाही. आळशीपणाला भक्तीचे नाव देऊ नये. चाल शिकावी, ताल धरावा, अभंगाचा पाठ शुद्ध ठेवावा. याविषयी नाथमहाराजांचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत शिरलेले अपपाठ काढले. आणि यापुढे कोणी स्वतःची ओवी यात घालू नये, घातली तर ती अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखी होईल, असे बजावून ठेवले. केवढी ही चोखंदळ दृष्टी! एक अक्षर खपवून घेतले नाही. आणि याच नाथांची कथा सांगतात की गोदावरीच्या तापल्या वाळूत, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या घरचे एक लेकरू रडत होते, ते त्यांनी उचलून कडेवर घेतले, त्याचे नाक डोळे पुसले आणि त्याला त्याच्या घरी पोचवले. पोथीतला अपपाठ त्यांना सहन झाला नाही, आणि वाळूतले रडेही सहन झाले नाही. या दोन्ही गोष्टी एकाच मनातून आल्या. गुळव्याप्रमाणे मळी कोणती आणि रस कोणता, हे त्या मनाला कळत होते.

म्हणून 'चोखंदळ' आणि 'रसिक' या दोन शब्दांत घोटाळा होऊ देऊ नये. चोखंदळ माणसाला काय टाकावे ते कळते. हा चांगला गुण आहे, त्यावाचून काम भागत नाही. पण केवळ टाकायलाच शिकलेला माणूस शेवटी उपाशी उठतो. हल्ली हातातल्या मोबाईलवर आपण कीर्तने ऐकतो. दोन मिनिटे एक ऐकले, आवडले नाही, बोटाने सारले. पुढचे लावले, तेही सारले. तासभर असा जातो आणि मनात काही उरत नाही. त्या तासात आपण सर्वांची परीक्षा घेतलेली असते, पण रस एकाचाही घेतलेला नसतो. रसिक माणूस टाकतो थोडे आणि घेतो पुष्कळ. आणि घेतल्यावर तो काहीसा मऊ होऊन उठतो. ही त्याची खूण. कीर्तन ऐकून घरी गेल्यावर आपला स्वर सुनेशी, गड्याशी, दारी आलेल्याशी थोडा खाली आला, तर समजावे की रस पोटात गेला. नाही आला, तर नुसती चूळ भरली.

असो. त्या गावची गोष्ट पुरी करतो.

दुसऱ्या दिवशी बाबा मांडवात दिसले नाहीत. सहाव्या दिवशी नाही, सातव्या दिवशीही नाही. आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन होते आणि ते मलाच करायचे होते. सकाळी मी विचारीत विचारीत त्यांच्या घरी गेलो. बाबा ओट्यावर बसले होते. मला पाहून उठले आणि माझ्या पायांकडे वाकले. मी त्यांना आवरले आणि म्हणालो, "बाबा, चुकलो. आज टाळाला या." ते नुसतेच हसले. त्यांचा नातू घरातून बाहेर आला, म्हणाला, "म्हाराज, मोठ्यानं बोला, आज्जाला ऐकू येत न्हाई. दोन वर्सं झाली."

मग बाबाच बोलले. "म्हाराज, मिरदंगाची थाप छातीत लागती बघा. तिच्यावर मी टाळ धरतो. माझं तोंड कुठं जातं ते मला उमगत न्हाई. तुम्ही बसिवलं ते बरं केलं. मानसं कीर्तनाला येत्यात, त्यांचा इरस कशाला?"

मी काय बोलणार? ज्याला कीर्तनातला एक स्वर ऐकू येत नव्हता, तो छातीवर मृदंग घेऊन तीन तास उभा राहत होता. आणि लोकांचा विरस होऊ नये म्हणून तो दोन दिवस घरी बसला होता. त्या गावात रसिक शोधायला मला मांडवात पाहायचे कारणच नव्हते.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "बाबा, आज काला आहे. काल्यात कोणाची शिदोरी मागे ठेवतात का?" ते त्यांना ऐकू गेले. त्यांनी टाळ उतरवला.

काल्याचे मर्म हेच आहे. गोकुळात कोणाची शिदोरी ताजी, कोणाची शिळी, कोणाकडे दही, कोणाकडे नुसता भाकरीचा तुकडा. देवाने सगळे एकत्र कालवले. एकदा कालवल्यावर कोणता घास कोणाच्या घरचा हे ओळखू येत नाही, आणि त्या घासाची देवांनाही वाण पडते असे संत सांगतात. त्यात कोणी बोट घालून आपल्यापुरते निवडू लागला तर त्याच्या हाती दह्याचा गोळा येईल, काला येणार नाही.

बाबा उजव्या हाताला आपल्या जागी उभे राहिले. चाल सुरू झाली. आवाज पूर्वीसारखाच अर्धा स्वर खाली गेला. मला त्या दिवशी चूक ऐकू आली नाही असे मी म्हणणार नाही. ऐकू आली. पण ती खुपली नाही. एवढेच त्या सप्ताहात मला मिळाले, आणि एवढे पुरे आहे.

तेव्हा यापुढे 'रसिक' हा शब्द जपून वापरू या. समोरच्याची मर्जी राखण्यासाठी त्याच्यावर उधळू नये, स्वतःला तर मुळीच लावून घेऊ नये. तो दुसऱ्याने, तोही आपल्या पाठीमागे म्हणावा. आणि एकांतात कधी तरी आपल्यालाच विचारावे, की मी ज्यातून रस घेतला त्याला माझ्यामुळे ओरखडा तर उठला नाही ना? माझ्या गोडीपायी कोणी मांडवाबाहेर अंधारात बसले नाही ना? बसले असेल, तर कीर्तन थोडे थांबवावे आणि त्याला हाताला धरून आत आणावे. पांडुरंग विटेवर उभाच आहे. तेवढा उशीर झाला म्हणून तो काही निघून जाणार नाही.

रामकृष्णहरि.